आमच्या घरचा आठ नंबर

३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या दाराच्या पायरीवर आपण दोघं बसायचो ते आठवतं का रे? रविवारची सकाळ, मध्ये बाबांचे काळे बूट. डावा माझ्या वाटणीला, उजवा तुझ्या. मी आपली ब्रश मारून मोकळी व्हायचे. तू मात्र जुन्या बनियनची चिंधी घेऊन उजव्याच्या असा मागे लागायचास की सोमवारी बाबा उजवा पाय जरा पुढे टाकूनच घराबाहेर पडायचे. आई म्हणायची, एक बूट साहेबाचा आणि एक शिपायाचा घालून माणूस चालला आहे. काल तुझ्या नोकरीची बातमी ऐकली आणि का कोण जाणे, ती पायरी डोळ्यांसमोर आली.

बातमी सांगितलीस आणि "बाकी सगळं ठीक" म्हणून फोन वहिनीच्या हातात कोंबलास. एकसष्ट वर्षांचा झालास तरी फोनवर तुझं हे असंच. म्हणून पत्र लिहिते आहे. कागदापुढून पळून जाता येत नाही.

मला खरंच फार आनंद झाला. चाळीस वर्षं भूमापन कचेरीत उंच स्टुलावर बसून तू नकाशे काढलेस, आता नकाशांच्या संग्रहालयात लोकांना ते समजावून सांगायचे. तुझ्यासाठीच कुणीतरी हे काम बेतलं असावं. मार्चअखेरपर्यंत तुझं काम पाहणार आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवणार, असं वहिनी म्हणाली. टिल्लू, हे हातचं जाऊ देऊ नकोस. पगारासाठी म्हणत नाही. निवृत्तीनंतरचं वर्ष तू कसं काढलंस ते मला कळलं आहे. स्वयंपाकघरातले डबे आधी उंचीप्रमाणे लावलेस, मग घेराप्रमाणे, आणि मग डबे संपले तेव्हा खिडकीत बसून राहायला लागलास. त्या खिडकीत तू मला परत बसलेला नको आहेस.

एक विचारायचं राहिलं. तुझे भावजी म्हणतात की चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला दिवसभर उभं राहायचं तर डोक्याच्या आधी पायांची तयारी हवी. पायात काय घालतोस?

वहिनीला माझी आठवण सांग आणि उत्तर सविस्तर लिही. दोन ओळींचं पत्र आलं तर मी ते परत पाठवीन.

तुझ्यावर रागावायचा हक्क राखून असलेली,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र परत यायला नको म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो आहे.

काम झकास आहे. दोन मजले, सगळीकडे लाकडी जमीन, भिंतीभर नकाशे. दर तासाला एक गट येतो आणि मी त्यांना खालून वर नेऊन परत खाली आणतो. परवा एक आजोबा आले होते. त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशात आपलं शेत शोधून काढलं आणि काचेवर बोट ठेवून बायकोला सांगत राहिले की बघ, विहीर तेव्हाही आपल्याच बाजूला होती. गट पुढे गेला तरी ते तिथून हलेनात. मीही त्यांच्याजवळ थांबलो. ताई, तसले शेकडो नकाशे मी काढले असतील, पण त्यातल्या एकाकडेही कुणाला असं बघताना पाहिलं नव्हतं.

साहेब कडक आहेत, पण माणूस वाईट नाही. त्यांचे नियम तीन. शर्ट खोचलेला असावा, माहिती पाठ असावी आणि मार्गदर्शक पाहुण्यांसमोर बसलेला दिसू नये.

आता तुमच्या पायपुराणाबद्दल. पहिल्या दिवशी मी खेळाचे बूट घालून गेलो. मऊ होते, पण नारिंगी पट्ट्यांचे, आणि लाकडी जमिनीवर पावलागणिक उंदरासारखे चिरकायचे. साहेब म्हणाले की पाहुण्यांनी भिंतीकडे बघावं अशी अपेक्षा आहे, जमिनीकडे नाही. म्हणून नवे घेतले. काळे, टोकदार, एकदम चकाचक, आणि किंमतही परवडणारी. दुकानातला पोऱ्या म्हणाला की काकांचं वय दहा वर्षांनी कमी झालं. नंबर अर्थात आठ, आपल्या घरचा. जरा कडक आहेत, होतील सैल. काळजी नसावी.

भावजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, डोकं आणि पाय दोन्ही तयारीत आहेत.

तुझा सविस्तर,
टिल्लू

१९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या बंधुराजांनी दोन्ही बाजूंनी पत्र लिहिलं, पण खरी गोष्ट कुठल्याच बाजूला लिहिली नाही, म्हणून हे गुपचूप लिहिते आहे. मी लिहिल्याचं त्यांना कळलं तरी चालेल, फक्त पत्र तुमच्या हातात पडल्यावर कळू दे.

ते बूट घालून दहा वर्षांनी तरुण दिसतात हे खरं आहे. चालताना मात्र वीस वर्षांनी म्हातारे होतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा जिन्यावरच्या पावलांवरून मला कळतं की आज किती गट झाले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आहेत आणि टाचेला पट्टी. विचारलं की म्हणतात, सवय होईल. वन्सं, दगडाची सवय होते, चिमट्याची कशी होणार?

आणि आता जे तुम्हाला सांगितलं नाही ते. गेल्या गुरुवारी पाचवा गट खाली सोडून हे वरच्या मजल्यावर आले. दालन रिकामं होतं. कोपऱ्यात एक जुनी लाकडी पेटी आहे, जमीन मोजायची साखळी ठेवायची. हे तिच्यावर टेकले. बूट काढले. तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले. म्हणजे बसणं मना असताना बसले, तेही मांडून ठेवलेल्या वस्तूवर, आणि अनवाणी. पाहुण्यांपैकी एका बाईंना वाटलं की पेटीसोबत मोजणीदाराचा पुतळाही ठेवला आहे. त्या जवळ जाऊन पाटी शोधायला लागल्या तेव्हा पुतळा उठून उभा राहिला.

घरी येऊन सांगताना हे स्वतःच हसत होते आणि मीही हसले. पण नंतर म्हणाले की साहेबांनी आत बोलावून सांगितलं, माहिती तुमच्याइतकी कुणाला नाही, पण हे काम उभ्याचं आहे आणि तुम्हाला ते झेपत नाही असं दिसतं. पुन्हा बसलेले दिसलात तर मार्चपर्यंत थांबायचं कारण नाही. हे सांगून झाल्यावर उठले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. वन्सं, मला ती खिडकी बघवत नाही.

मी इथल्या दोन दुकानांत जाऊन आले. मऊ म्हणाल तर आजारी माणसाच्या सपातांसारखे आणि दिसायला चांगले म्हणाल तर पुन्हा तेच चिमटे. दोन्ही गुण असलेले पाहिले, तर किंमत ऐकून मीच त्या दुकानातल्या बाकावर बसले. तुमच्याकडे मोठा बाजार आहे. काही सुचलं तर कळवा.

भावजींना नमस्कार सांगावा.

तुमच्या मायेच्या भरवशावर असलेली,
धाकटी भावजय

२४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, पण आज जरा हात आखडून.

मला सगळं कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस आणि तिला बोलूही नकोस. पुतळा झालास ते वाचून तुझे भावजी इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. मग त्यांनी पुढचं वाचलं आणि चष्मा न लावताच म्हणाले की बूट आपण बघू.

आमच्या शाळेत सिस्टर रोज प्रार्थनेआधी सगळ्यांच्या बुटांवरून नजर फिरवायच्या. त्या म्हणत, बूट चेहऱ्यावरून ओळखावा. घालणाऱ्याच्या. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. तुझा तिथला चेहरा काय होत असेल ते इथून दिसतं आहे. दुखऱ्या पायांनी नकाशा समजावणारा माणूस पाहुण्यांना रागीटच वाटत असणार.

तेव्हा ऐक. इथल्या बाजाराच्या कोपऱ्यावर एक दुकान आहे. मागच्या हंगामाचे बूट तिथे निम्म्या किमतीत निघतात. मी तुझ्यासाठी बघते, पण माप लागेल, आणि ते मी सांगते तसंच घ्यायचं. मोठा कागद जमिनीवर ठेव. वेळ संध्याकाळची, कामावरून आल्यावर, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि बूट त्या पायाला व्हायला हवा. मोजे घालून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा राहा. पेन्सिल वहिनीने धरायची, तू नाही. तू वाकलास की पाय हलणार. आणि दोन्ही पाय काढायचे. उजव्याचे लाड करून डाव्याला विसरायचं वय गेलं.

तोवर त्या टोकदार बुटांना सुट्टी दे. आधीचे नारिंगी घाल आणि त्यांच्या तळाला थोडी पावडर चोळ, चिरकायचे थांबतील. साहेबांना सांग की नवे येत आहेत. खरं सांगायला लाजू नये, आणि हे वाक्य तुला लिहिताना मला जो आनंद होतो आहे तो तुला कळणार नाही.

रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत नकाशा जोडला आहे. पेन्सिल तुझ्या भावजयीने धरली, कारण तशी आज्ञा होती. तिला गुदगुल्या करायची हौस आली त्यामुळे पहिले दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर मी नंतर शाई फिरवली, माप एकास एक ठेवलं आहे, टाच ते अंगठा अक्ष आखला आहे आणि सवयीने उत्तर दिशेचा बाणही काढला गेला. तिकडे दुर्लक्ष कर. उंचवटे दाखवणाऱ्या रेषा काढणार होतो, पण बाईसाहेबांनी पेन काढून घेतलं.

डावा पाय उजव्याहून चार मिलिमीटर लांब निघाला. आयुष्यभर माझ्याकडेच राहून त्याने मला हे कधी सांगितलं नाही.

नंबर आठ. तोही खाली लिहिला आहे, म्हणजे दुकानात घोटाळा नको.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बरं. नारिंगी पट्ट्यांकडे पाहून दुसऱ्यांदा बरं म्हणाले, ते जरा वेगळं होतं. गेल्या आठवड्यात मी एकदाही बसलो नाही. पण खरं सांगायचं तर त्या खेळाच्या बुटांतही बोटं दुमडूनच असतात. पाचव्या गटाला मी जे सांगतो ते पहिल्या गटाला सांगितल्याच्या निम्मं असतं, आणि हे साहेबांच्या लक्षात आलं आहे. चार आठवडे उरले.

टोकदार टोमणे सोसणारा,
टिल्लू

८ मार्च

चि. टिल्लूस आणि चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल वेगळं पाठवलं आहे, बहुतेक या पत्राच्या मागोमाग येईल. पण काय झालं ते आधी सांगायलाच हवं.

काल आम्ही दोघं दुकानात गेलो. तिथे एक वयस्कर विक्रेते आहेत, मोजकं बोलणारे. मी तुझा कागद उलगडला आणि आठ नंबर दाखवा म्हटलं. त्यांनी तो कागद हातात घेतला, उत्तर दिशेच्या बाणाकडे जरा वेळ पाहिलं, मग तो पाय मोजायच्या लोखंडी पट्टीवर पसरला आणि सरकता तुकडा पुढे आणत आणत म्हणाले की हे गृहस्थ आठ नाहीत. मी तुझ्या अक्षरातला आठ दाखवला. ते म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे, पण पाय नऊ आहे, आणि बोटांपाशी नवालाही थोडा रुंद आहे. मी म्हटलं, तो स्वतः ड्राफ्ट्समन आहे, दुसऱ्यांच्या जमिनी केसाइतक्या चुकू दिल्या नाहीत. त्यावर त्यांनी विचारलं, त्यांचा स्वतःचा पाय कुणी कधी मोजला होता का?

टिल्लू, मी तिथे उभ्या उभ्या आठवत राहिले. कुणीच मोजला नव्हता. आठ नंबर बाबांचा होता. त्यांचे जुने बूट तुला आले तेव्हा पुढे वर्तमानपत्राचे बोळे घालून तू शाळेत जायचास. दर वर्षी एक बोळा कमी व्हायचा. ज्या दिवशी शेवटचा बोळा निघाला त्या दिवशी तू घरभर टापटाप फिरलास आणि आई म्हणाली की पोराला बाबांचा नंबर आला. त्यानंतर कुणीही विचारलं की आपण सगळे सांगायचो, आठ. तू त्यानंतरही वाढत होतास, आणि ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. पुढे कचेरीत स्टुलावर बसून काम, बूट टेबलाखाली काढलेले, घरी चपला. पाय तरी कशाला तक्रार करतील?

मला जरा भरून आलं. विक्रेत्यांनी पाणी दिलं. त्यांना वाटलं, किंमत ऐकून.

मग कामाला लागलो. तुझ्या भावजींचा पायही नऊच निघाला, तेव्हा तुझ्या वतीने चालायला तेच. पहिला जोड दिसायला राजबिंडा होता, पण तळ मधोमध वाकत होता. विक्रेते म्हणाले, बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, पाय जिथे वाकतो तिथे. दुसरा मऊ होता, पण टाच निसटत होती. तिसरा हे घालून दुकानात तीन फेऱ्या चालले, जिना चढले-उतरले, आरशापुढे उगाच थांबले, आणि म्हणाले की हाच. अंगठ्यापुढे बोटभर जागा, आत बोटं हलतात, रबराचा हलका तळ, आवाज शून्य. रंग गडद तपकिरी, साधा, लेसचा. लांबून पाहिलं तर कचेरीचा वाटतो, जवळून पाहिलं तर सहलीचा. किंमत विचारू नकोस, तुझ्या टोकदार बुटांहून फार जास्त नाही. मागच्या वर्षीचे म्हणून स्वस्त झाले. या वर्षीच्यांत फक्त शिलाईचा दोरा पांढरा आहे.

वहिनी, दोन दिवस त्याला ते घरातच घालू दे. आणि टिल्लू, खोक्यावर नऊ आकडा पाहून दचकू नकोस. बाबांना वाईट वाटणार नाही. पोरगा आपल्यापेक्षा मोठा झाला हे ऐकून कुठल्या बापाला वाईट वाटतं?

पार्सलाआधी पोचायची घाई असलेली,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

बूट आले. मी खोक्यावरचा आकडा तुझ्या भावजयीला वाचायला लावला. मग घातले, लेस बांधली आणि आत सगळी बोटं हलवून पाहिली. ताई, मला दहा बोटं आहेत. इतकी वर्षं दोन गाठोडी घेऊन हिंडत होतो.

पहिल्या दिवशी चार वाजता लक्षात आलं की सकाळपासून पायांची आठवणच झाली नाही. पाचव्या गटाला मी नद्यांनी पात्रं बदलल्याची सगळी गोष्ट सांगितली, जी महिनाभर मी गाळत होतो. एका शाळकरी मुलीने विचारलं, नदी बदलली की नकाशा खोटा होतो का? मी म्हटलं, खोटा होत नाही, जुना होतो, पुन्हा मोजावं लागतं. हे बोलताना माझी नजर आपसूक खाली गेली.

काल साहेब न सांगता माझ्या शेवटच्या गटात मागे उभे राहिले. निवृत्त शिक्षकांचा गट होता, प्रश्न विचारून विचारून त्यांनी तासाचा दीड तास केला. शेवटी त्यांच्यातल्या दोघी बाकावर बसल्या, मी उभाच. मग साहेबांनी खोलीत बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं. मी नको म्हटलं, तर म्हणाले की इथे पाहुणे नाहीत. टेबलावर माझ्या नेमणुकीचा कागद होता. त्याच्याकडे न बघता ते माझ्या पायांकडे बघत होते. विचारलं, कुठे घेतले? मी म्हटलं, बहिणीने पाठवले. विचारलं, नंबर काय? मी म्हटलं, नऊ. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आडनाव बदलल्यासारखं वाटलं. मग त्यांनी कागदावर सही केली आणि माझ्याकडे सरकवला. एक तारखेपासून कायम, दुसरा मजला पूर्ण माझ्याकडे.

मी उठायला लागलो तर त्यांनी हात केला. दार लावून घ्या, म्हणाले. मग जरा वाकले आणि टेबलाखाली काहीतरी शोधल्यासारखं केलं. ताई, त्यांचे दोन्ही बूट तिथे काढून ठेवलेले होते. चकाचक, टोकदार. त्यांनी एवढंच म्हटलं की तुम्ही माप छान काढता असं दरवाज्यावर ऐकलं.

दरवाज्यावर ऐकलं, कारण गेला आठवडाभर मी मधल्या सुट्टीत इथे लोकांचे पायच काढतो आहे. पेन्सिल आता मीच धरतो, दुसऱ्याच्या पायांना हरकत नाही. म्हणूनच आज पाकीट जाड आहे. तुला त्रास आहे, पण त्या दुकानात तुझा शब्द चालतो.

घरात सगळे खुशीत आहेत. खिडकीत तुझ्या भावजयीने शिवणाचं मशीन ठेवलं आहे, तिथे आता मला जागा नाही.

माया आहे तशीच पाठवत राहा, नऊ नंबरची चालेल.

तुझा कायम झालेला,
टिल्लू

ता. क. सोबत तीन कागद आहेत, कुणाला काय ते नीट वाच. पहिला दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याचा. त्याला काळेच हवेत, गणवेशाचा नियम आहे, आणि माप उजव्या पायाचं धर, तो मोठा आहे. दुसरा पहिल्या मजल्यावरच्या मार्गदर्शक बाईंचा. बायकांच्या बुटांत बोटांना जागा नसते म्हणून त्यांना पुरुषांचेच हवेत, लहान मापाचे, रंग कोणताही चालेल, फक्त माझ्यासारखा नको. तिसऱ्या कागदावर नाव नाही. तो साहेबांचा. त्यांना अगदी माझ्यासारखेच हवेत. नंबर सात, असं त्यांनी ठामपणे सांगितलं आहे. मी काढलेल्या मापाप्रमाणे ते साडेआठ आहेत. तू साडेआठच घे, पार्सल माझ्या नावाने पाठव, आणि खोक्यावरची नंबराची चिठ्ठी काढून टाक.